ऊर्जा, कार्बन उत्सर्जन आणि प्रादेशिक विकास: अर्थशास्त्रीय संशोधनाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अर्थशास्त्राचे विद्यार्थी, जिल्हा नियोजनाशी संबंधित अधिकारी व लोकप्रतिनिधी, आणि कोळसा किंवा वीजप्रकल्पांच्या पट्ट्यात राहणारे वाचक या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणे मुख्यतः भारतातील आणि त्यातही महाराष्ट्रातील आहेत. परदेशांतील अभ्यासांचा आधार गरजेपुरताच घेतला आहे.

ऊर्जा, उत्सर्जन आणि आर्थिक वाढ यांचा एकत्रित अभ्यास करताना संशोधक नेमके काय मोजतात?

बहुतेक अभ्यासांच्या मुळाशी जपानी ऊर्जातज्ज्ञ योइची काया यांच्या नावाने ओळखले जाणारे एक साधे समीकरण असते. एखाद्या प्रदेशाचे कार्बन उत्सर्जन म्हणजे तेथील लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागे लागणारी ऊर्जा आणि ऊर्जेच्या प्रत्येक एककामागे बाहेर पडणारा कार्बन या चार संख्यांचा गुणाकार होय. यांपैकी तिसऱ्या संख्येला ऊर्जा-तीव्रता आणि चौथीला कार्बन-तीव्रता म्हणतात.

समजा, एखाद्या राज्याचे एकूण उत्पन्न वर्षाला ६.५ टक्के वाढते, ऊर्जा-तीव्रता २.५ टक्के घटते आणि कार्बन-तीव्रता १ टक्का घटते. त्या राज्याचे उत्सर्जन तरीही वर्षाला सुमारे २.८ टक्क्यांनी वाढतच राहील. ते आहे तेथे थोपवायचे, तर दोन्ही तीव्रतांची एकत्रित घट वर्षाला ६.१ टक्क्यांच्या आसपास हवी, आणि एवढी घट सलग वीस-पंचवीस वर्षे टिकवणे फार अवघड आहे. ‘कार्यक्षमता वाढवली की प्रश्न सुटेल’ असे विधान ऐकले, की हा हिशेब करून पाहावा.

या समीकरणाच्या आधारे गतकाळातील उत्सर्जन-वाढीचे श्रेय वेगवेगळ्या घटकांत वाटून देण्याच्या पद्धतीला विघटन विश्लेषण म्हणतात. तिच्यात आणखी एक घटक घालतात, तो म्हणजे अर्थव्यवस्थेची रचना. पोलाद-सिमेंटचा वाटा कमी होऊन माहिती तंत्रज्ञान किंवा वित्तसेवांचा वाटा वाढला, तर एकही भट्टी सुधारलेली नसताना राज्याची ऊर्जा-तीव्रता कमी झालेली दिसते. मात्र हे सारे जमाखर्चाचे गणित आहे. घट किती झाली हे ते सांगते, पण ती कोणत्या धोरणामुळे झाली याचा पुरावा त्यातून मिळत नाही. पुष्कळ प्रबंधांत ही मर्यादा विसरली जाते.

एखाद्या जिल्ह्याचे किंवा राज्याचे उत्सर्जन कोणाच्या खात्यावर धरायचे?

या विषयातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित प्रश्न हाच आहे. निष्कर्ष काय निघणार, हे पुष्कळदा येथेच ठरून जाते.

चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉट क्षमतेचे आहे. ते सरासरी ६० टक्के क्षमतेने चालते असे धरले, तर वर्षाला सुमारे १,५३५ कोटी युनिट वीज निर्माण होईल. कोळशावरील जुन्या पद्धतीच्या संचांतून एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे वर्षाला दीड कोटी टन. २०११ च्या जनगणनेनुसार चंद्रपूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २२ लाख होती. तेव्हा केवळ या एका केंद्रामुळे जिल्ह्याचे दरडोई उत्सर्जन सात टनांच्या घरात जाते. संपूर्ण भारताची दरडोई सरासरी दोन टनांच्या आसपास आहे. हा हिशेब ढोबळ आहे, परंतु त्यावरून मुद्दा ध्यानात यावा: कागदावर चंद्रपूरकर युरोपातील नागरिकाइतका कार्बन सोडताना दिसतो.

प्रत्यक्षात ही वीज वापरतो कोण? चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटर लांबीची, १,५०० मेगावॉट क्षमतेची उच्चदाब एकदिश प्रवाहाची पारेषण वाहिनी १९९९ मध्ये सुरू झाली. विदर्भातील खाणींजवळ निर्माण झालेली वीज राज्याच्या पश्चिमेकडील मोठ्या मागणीच्या पट्ट्यापर्यंत नेणे, हाच तिचा हेतू होता. उत्सर्जन निर्मितीच्या ठिकाणी मोजले, तर चंद्रपूर दोषी ठरते आणि मुंबई-पुण्याची अर्थव्यवस्था स्वच्छ दिसते. वापराच्या ठिकाणी मोजले, तर चित्र जवळजवळ उलटे होते.

दोन्ही पद्धती आपापल्या जागी योग्य आहेत. मात्र ‘अमुक प्रदेशाने उत्पन्न वाढवूनही उत्सर्जन कमी ठेवले’ असा निष्कर्ष वाचताना त्यातील उत्सर्जन कोणत्या पद्धतीने मोजले आहे, हे आधी पाहिले पाहिजे. सेवाक्षेत्रावर पोसलेले प्रत्येक महानगर निर्मिती-आधारित हिशेबात गुणवंत ठरते. त्याची वीज, त्याचे सिमेंट आणि त्याचे पोलाद दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर पडलेले असते. जे संशोधक वापर-आधारित हिशेब करतात, ते त्यासाठी आदान-प्रदान तक्ते, म्हणजे एका उद्योगाचा माल दुसऱ्या कोणत्या उद्योगात किती लागतो हे दाखवणारे तक्ते, वापरतात. देशपातळीवर असे तक्ते उपलब्ध आहेत. राज्याराज्यांतील व्यापाराचे तपशील मात्र तुटपुंजे असल्यामुळे भारतात राज्यपातळीवरचा असा हिशेब बऱ्याच अंशी अंदाजावर उभा राहतो.

आणखी एक भेद येथे करावा लागतो. कार्बन डायऑक्साइड चंद्रपुरातून सुटला काय आणि दुसऱ्या खंडातून सुटला काय, हवामानावर त्याचा परिणाम सारखाच. राख, धूलिकण आणि सल्फर डायऑक्साइड यांचे तसे नाही. ते मुख्यतः जेथे सुटतात, तेथल्या आणि आसपासच्या लोकांच्या श्वासात जातात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक पट्ट्यांचा सर्वंकष प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद यांच्या पाठोपाठ ८३.८८ गुणांसह चंद्रपूरचा क्रमांक लागला होता. कार्बन कोणाच्याही खात्यावर लिहिला, तरी ही स्थानिक किंमत दुसऱ्याच्या नावावर टाकता येत नाही.

विजेमुळे विकास होतो, की विकास झाल्यामुळे विजेची मागणी वाढते?

या प्रश्नावर गेल्या चार-पाच दशकांत निबंधांचा अक्षरशः ढीग साचला आहे. सुरुवात १९७८ मध्ये झाली. क्राफ्ट आणि क्राफ्ट या संशोधकांनी अमेरिकेच्या १९४७ ते १९७४ या काळातील आकडेवारीवरून असे दाखवले, की उत्पन्नातील बदल आधी होतात आणि ऊर्जेच्या वापरातील बदल त्यामागून येतात. त्यानंतर देश बदलून, काळ बदलून आणि चाचणी बदलून तोच प्रयोग असंख्य वेळा झाला. कुठे वीज आधी, कुठे उत्पन्न आधी, कुठे दोन्ही बाजूंनी प्रभाव आणि कुठे कसलाच संबंध नाही, अशी चारही उत्तरे निघाली, आणि एकाच देशासाठी परस्परविरोधी उत्तरेही निघाली. या चाचण्या ‘ग्रेंजर कार्यकारण’ या नावाने ओळखल्या जातात. त्या फक्त कोणता आकडा आधी हलतो एवढेच सांगतात. पाऊस येण्याआधी लोक छत्र्या घेऊन निघतात, म्हणून छत्र्यांमुळे पाऊस पडत नाही.

अधिक भरवशाचे अभ्यास अशी परिस्थिती शोधतात, जिथे वीज पोहोचण्याचे कारण विकासाशी थेट जोडलेले नव्हते. भारतातील एक चांगले उदाहरण १९६५ ते १९८४ या काळाचे आहे. हरितक्रांतीच्या बियाण्यांना खात्रीचे पाणी लागे, त्यामुळे ज्या राज्यांत भूजल अधिक होते तेथे पंपांसाठी वीज आधी आणि अधिक वेगाने गेली. हुआन पाब्लो रूड यांनी भूजलातील या नैसर्गिक फरकाचा आधार घेऊन दाखवले, की विद्युतीकरण वाढलेल्या राज्यांत कारखानदारीचे उत्पादनही लक्षणीय वाढले. शेतीसाठी टाकलेल्या तारांचा लाभ उद्योगांनाही झाला, असा त्याचा अर्थ आहे. हे उत्तर मला हजार ग्रेंजर चाचण्यांपेक्षा अधिक मोलाचे वाटते.

मग गावात वीज पोहोचली की गावाचे उत्पन्न वाढते का?

वाढतेच असे नाही, आणि येथे वरच्या उत्तराशी विसंगती आहे असे समजण्याचे कारण नाही. राज्याच्या पातळीवर भरपूर वीज उद्योगांना मिळणे वेगळे आणि एखाद्या लहान खेड्यात खांब उभे राहणे वेगळे.

राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना २००५ मध्ये सुरू झाली. तिच्या एका टप्प्यात ३०० किंवा त्याहून अधिक लोकवस्तीच्या वाड्या-वस्त्या पात्र धरल्या गेल्या. बर्लिग आणि प्रिओनास या संशोधकांनी या रेषेच्या थोडे वर आणि थोडे खाली असलेल्या गावांची तुलना केली. एरवी सारखीच असलेली ही गावे केवळ एका प्रशासकीय रेषेमुळे वेगळी झाली होती. उपग्रहातून रात्री दिसणारा उजेड पात्र गावांत वाढला, म्हणजे वीज खरोखरच पोहोचली. परंतु रोजगार, मालमत्ता किंवा घरांची स्थिती यांत या लहान गावांत फारसा फरक आढळला नाही. दक्षिण आफ्रिकेत मात्र वर्णद्वेषी राजवट संपल्यानंतर झालेल्या ग्रामीण विद्युतीकरणाने पाच वर्षांत स्त्रियांच्या रोजगाराचे प्रमाण नऊ टक्के-बिंदूंहून अधिक वाढवल्याचे टॅरिन डिंकेलमन यांना आढळले. सरपण आणि स्वयंपाक यांत जाणारा वेळ वाचल्यामुळे हे घडले असावे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. वस्तीचा आकार, जवळची बाजारपेठ, रस्ते आणि वीज दिवसातून किती तास टिकते, यांवर परिणाम ठरतो.

महाराष्ट्रात या चर्चेला जुना संदर्भ आहे. प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करण्यासाठी नेमलेल्या वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये जिल्हावार अनुशेष काढला. तो सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा होता, आणि ज्या क्षेत्रांत तो मोजला गेला त्यांत ग्रामीण विद्युतीकरणही होते. सिंचन, रस्ते, शाळा आणि वीज यांची भौतिक तूट भरून काढली की उत्पन्नातील दरी मिटेल, असा विचार त्यामागे होता. पुढे विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१३ मध्ये पुन्हा याच प्रश्नाची मांडणी केली. खांब आणि तारा बहुतेक गावांत पोहोचल्यानंतरही असमतोलाचा प्रश्न उरला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

भारनियमनामुळे उद्योगांचे किती नुकसान होते?

हंट ऑलकॉट, ॲलन कॉलर्ड-वेक्सलर आणि स्टीफन ओकॉनेल यांनी वार्षिक उद्योग पाहणीतील कारखान्यांच्या आकडेवारीवरून २०१६ मध्ये याचा अंदाज प्रसिद्ध केला. विजेच्या टंचाईमुळे सरासरी कारखान्याचा महसूल ५ ते १० टक्क्यांनी घटत होता. उत्पादकतेवरील परिणाम मात्र त्यामानाने कमी निघाला, कारण वीज गेली तरी कच्चा माल गोदामात तसाच राहतो आणि काम पुढे ढकलता येते. खरा फटका लहान कारखान्यांना बसतो. मोठा कारखाना डिझेल जनित्र किंवा स्वतःचा वीजसंच बसवतो, तर लहान कारखानदाराला तो खर्च युनिटमागे परवडत नाही. २००५ नंतरची काही वर्षे ज्यांनी महाराष्ट्रातील औद्योगिक वसाहतींत काढली, त्यांना हे सांगण्यासाठी निबंधाची गरज नाही. डिझेल जनित्रांचे उत्सर्जन वीजक्षेत्राच्या आकडेवारीत सहसा दिसत नाही, ही त्यातली आणखी एक गोम आहे.

ज्या भागात कोळसा आहे, तो भाग श्रीमंत का झाला नाही?

या प्रश्नाचे एक उत्तर इतिहासात आहे, आणि महाराष्ट्रातील वाचकांना ते थोडे अडचणीचे वाटेल. केंद्र सरकारने १९५६ पासून पोलादासारख्या मूलभूत मालासाठी वाहतूक खर्च समानीकरणाचे धोरण राबवले. जमशेदपूरजवळच्या कारखान्याला आणि मुंबईजवळच्या कारखान्याला पोलाद एकाच दराने मिळू लागले. खाणी आणि पोलादाचे कारखाने दारात असण्याचा जो नैसर्गिक लाभ तत्कालीन बिहार, पश्चिम बंगाल, ओडिशा आणि मध्य प्रदेश यांना होता, तो त्यामुळे नाहीसा झाला. बंदरे, भांडवल आणि बाजारपेठ हाताशी असलेल्या महाराष्ट्र-गुजरातचे पारडे जड झाले. हे धोरण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मागे घेतले गेले.

‘पूर्व भारत त्या धोरणाने कायमचा बुडाला’ असे सर्रास बोलले जाते. जॉन फर्थ आणि अर्नेस्ट लिऊ यांनी ते तपासून पाहिले. पोलाद वापरणारे उद्योग पूर्वेकडून खरोखरच दूर सरकले, पण हळूहळू, नवे कारखाने उभे राहायला लागणाऱ्या वेळेच्या गतीने. धोरण रद्द झाल्यानंतर उलट दिशेचा परिणामही तेवढ्याच प्रमाणात झालेला त्यांना आढळला. म्हणजे नुकसान खरे होते, परंतु न भरून येणारे नव्हते. तेव्हा त्यानंतरही टिकून राहिलेल्या मागासलेपणाची कारणे अन्यत्र शोधावी लागतात.

त्यांपैकी एक कारण करव्यवस्थेत आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार विजेच्या वापरावर किंवा विक्रीवर कर लावण्याचा अधिकार राज्यांना आहे. त्यामुळे परराज्यात विकल्या जाणाऱ्या विजेवरील कराचे उत्पन्न ती वीज वापरणाऱ्या राज्याला मिळते. कोळशाच्या राज्याला खनिजाचे स्वामित्वधन (रॉयल्टी) तेवढे मिळते, जे कोळशाच्या किमतीच्या १४ टक्के आहे. २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे स्वामित्वधनाच्या १० ते ३० टक्के रक्कम खाणबाधित भागासाठी जमा होऊ लागली. २५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल दिला, की स्वामित्वधन हा कर नाही आणि खनिज हक्कांवर कर लावण्याचा अधिकार राज्यांना आहे. पुढील काही वर्षांत राज्यांच्या तिजोरीवर आणि विजेच्या दरांवर याचा काय परिणाम होतो, हा संशोधनासाठी उत्तम विषय आहे.

महाराष्ट्रांतर्गत हाच वाद विदर्भाच्या तोंडून ऐकू येतो: कोळसा आमचा, पाणी आमचे, राख आमची, मग वीज मुंबईच्या दराने का? राज्य सरकारने २०१६ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्रातील उद्योगांना वीजदरात सवलत दिली. अर्थशास्त्राच्या दृष्टीने खाणीजवळची वीज स्वस्त असणे तर्काला धरून आहे, कारण कोळशाच्या वाहतुकीचा खर्च तिच्यात नसतो. मात्र अंतराच्या या लाभाऐवजी तिजोरीतून दिलेली सवलत उद्योग आणण्यास कितपत पुरेशी ठरते, याचे उत्तर बाजारपेठ आणि कुशल मनुष्यबळ कुठे आहे यावरही अवलंबून राहते.

प्रदेश श्रीमंत झाला की प्रदूषण आपोआप घटते, हे खरे आहे का?

जीन ग्रॉसमन आणि ॲलन क्रूगर यांनी १९९१ आणि १९९५ मध्ये मांडलेल्या अभ्यासांतून ही कल्पना रुजली. उत्पन्न वाढताना प्रदूषण आधी वाढते, एका टप्प्यानंतर घटते, म्हणून आलेखाचा आकार उलट्या वाटीसारखा होतो. सायमन कुझ्नेट्स यांनी उत्पन्नातील विषमतेबद्दल असाच आलेख कल्पिला होता. त्यावरून याला पर्यावरणीय कुझ्नेट्स वक्र असे नाव पडले.

सल्फर डायऑक्साइड किंवा नदीतील सांडपाणी यांच्या बाबतीत याला काही आधार आहे, कारण त्रास स्थानिक असतो, मतदार ओरडतात आणि तंत्रज्ञान उपलब्ध असते. त्यातले ‘आपोआप’ मात्र कुठेच खरे ठरले नाही. घट झाली ती कायदे आणि त्यांची अंमलबजावणी यांमुळे. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत तर हा वक्र फारच डळमळीत आहे. श्रीमंत प्रदेशांनी धुराचे उद्योग बाहेर पाठवले आणि माल आयात केला, तरीही आलेख खाली वळलेला दिसतो. खातेवहीचा प्रश्न येथेही पाठ सोडत नाही. गरीब जिल्ह्यांना ‘आधी श्रीमंत व्हा, मग हवा सुधारेल’ असे सांगण्यासाठी या वक्राचा आधार घेणे मला अयोग्य वाटते.

भारताने वाढ आणि उत्सर्जन यांची फारकत केली आहे का?

सापेक्ष फारकत झाली आहे, निरपेक्ष नाही; म्हणजे उत्सर्जन उत्पन्नापेक्षा कमी वेगाने वाढते आहे, पण घटू लागलेले नाही. भारताने संयुक्त राष्ट्रांना सादर केलेल्या अहवालानुसार २००५ ते २०२० या काळात राष्ट्रीय उत्पन्नाची उत्सर्जन-तीव्रता ३६ टक्क्यांनी घटली. २०३० पर्यंत ४५ टक्के घट आणि २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन ही जाहीर उद्दिष्टे आहेत. एकूण उत्सर्जन मात्र वाढते आहे, आणि २०२४-२५ मध्ये देशातील कोळशाचे उत्पादन प्रथमच शंभर कोटी टनांपलीकडे गेले.

कार्यक्षम यंत्रे आली की ऊर्जेचा वापर कमी होतो ना?

विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १८६५ मध्येच याच्या उलट इशारा दिला होता: वाफेची यंत्रे काटकसरी झाल्यामुळे कोळसा वापरणे स्वस्त पडते आणि त्याचा एकूण खप वाढतो. आधुनिक अभ्यासांत हा ‘प्रतिक्षेप परिणाम’ बहुधा अंशतःच आढळतो, म्हणजे बचतीचा काही भाग वाढीव वापरात जातो, सगळी बचत सहसा जात नाही.

भारतात २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘परफॉर्म, अचीव्ह अँड ट्रेड’ योजनेच्या पहिल्या फेरीत आठ क्षेत्रांतील ४७८ मोठ्या कारखान्यांना व वीजकेंद्रांना ऊर्जा-तीव्रता घटवण्याची लक्ष्ये दिली होती. सुमारे ६७ लाख टन तेलाइतकी ऊर्जा वाचवायची होती, प्रत्यक्षात ८६.७ लाख टनांची बचत नोंदली गेली. यश जाहीर करताना एक प्रश्न विचारायला हवा: ही योजना नसती, तर नवी यंत्रे बसवताना यातील किती बचत तशीही झाली असती?

कार्बनवर किंमत लावण्याचा भारतातील अनुभव काय सांगतो?

कोळशावरील उपकर २०१० मध्ये टनामागे ५० रुपयांपासून सुरू झाला आणि २०१६ पर्यंत ४०० रुपयांवर गेला. नाव स्वच्छ ऊर्जेचे होते. वस्तू व सेवा कर आल्यावर २०१७ पासून तो राज्यांच्या भरपाईसाठी वळवला गेला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो काढून कोळशावरील वस्तू व सेवा कराचा दर ५ वरून १८ टक्के करण्यात आला. टनामागे ठरावीक रक्कम आणि किमतीवर टक्केवारी यांत मोठा फरक आहे. पहिल्या पद्धतीत स्वस्त, निकृष्ट, जास्त राखेच्या कोळशावर तुलनेने अधिक भार पडतो, दुसऱ्यात महागड्या कोळशावर. कर लावण्याचा हेतू प्रदूषण कमी करणे हा असेल, तर दुसरी पद्धत त्याला फारशी अनुकूल नाही.

सर्वांत उद्बोधक प्रयोग सुरतमध्ये झाला. गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे, निकोलस रायन आणि अनंत सुदर्शन या संशोधकांच्या साहाय्याने २०१९ मध्ये सुमारे तीनशे कारखान्यांसाठी धूलिकणांच्या परवान्यांचा, म्हणजे ठरावीक धूलिकण सोडण्याची मुभा कारखान्यांनी आपसांत विकण्या-घेण्याचा, बाजार सुरू केला. कोणते कारखाने बाजारात यायचे आणि कोणते जुन्याच नियमांखाली राहायचे, हे सोडत काढून ठरवले होते. बाजारातील कारखान्यांचे उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी घटले आणि घट साधण्याचा खर्चही कमी झाला. यातील वस्तू कार्बन नव्हती, धूलिकण होते. परंतु धुराड्यांवर सतत मोजणारी यंत्रे बसवली आणि दंड खरोखर वसूल केला, तर असा बाजार भारतात चालू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. तिची लक्ष्ये एकूण उत्सर्जनाची नसून उत्पादनाच्या एककामागील उत्सर्जनाची आहेत, त्यामुळे उत्पादन वाढले तर एकूण उत्सर्जनही वाढू शकते. १ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघाची सीमेवरील कार्बन समायोजन व्यवस्था प्रत्यक्ष आकारणीच्या टप्प्यात आली. तेथे पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट किंवा खते पाठवणाऱ्याला उत्सर्जनाचा हिशेब द्यावा लागतो.

निम्मी क्षमता अपारंपरिक झाली, मग वीज अजून कोळशाचीच का?

स्थापित क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती यांतील गल्लत हे याचे कारण आहे. २०२५ मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेतील निम्मा वाटा जीवाश्मेतर, म्हणजे कोळसा, तेल आणि वायू सोडून इतर, स्रोतांचा झाला. त्यात मोठे जलविद्युत आणि अणुऊर्जाही धरलेली आहे. मात्र सौर प्रकल्पाचा एक मेगावॉट वर्षभरात कोळशाच्या एका मेगावॉटच्या निम्म्याहूनही कमी वीज देतो, आणि संध्याकाळच्या मागणीच्या वेळी काहीच देत नाही. प्रत्यक्ष निर्मितीत कोळशाचा वाटा अजूनही सुमारे ७० टक्के आहे.

प्रादेशिक दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की ऊन आणि वारा राजस्थान, गुजरात, तमिळनाडू, कर्नाटक या पश्चिम व दक्षिणेकडील राज्यांत आहे, तर कोळसा झारखंड, ओडिशा, छत्तीसगडमध्ये. ऊर्जेचा उद्योग एका भागातून दुसऱ्या भागात सरकतो आहे. महाराष्ट्रात शेतीपंपांसाठी २०१७ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना या बाबतीत वेगळी आहे. तीत उपकेंद्राजवळच लहान सौर प्रकल्प उभारून शेतकऱ्याला दिवसा वीज देण्याची कल्पना आहे. दिवसा पंप चालवता आला, की दूरच्या पारेषणाचा खर्च वाचतो आणि शेतकऱ्याला रात्री-अपरात्री, विंचू-सापाच्या भीतीत शेतावर जावे लागत नाही. या दुसऱ्या लाभाची किंमत कोणत्याही उत्पन्नाच्या आकड्यात येत नाही.

कोळसा पट्ट्यातील जिल्ह्यांचे पुढे काय होईल, याबद्दल संशोधन काय सांगते?

ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात खाणी बंद पडल्या, त्या पट्ट्यांवरील अभ्यास सांगतात, की नोंदवलेली बेकारी फार वाढली नाही, कारण अनेक खाणकामगार अपंगत्वाच्या भत्त्यावर गेले आणि आकडेवारीतून नाहीसे झाले. जर्मनीने २०२० मध्ये कायदा करून २०३८ पर्यंत कोळसा सोडण्याचे ठरवताना संबंधित प्रदेशांसाठी ४० अब्ज युरोपर्यंतची तरतूद केली.

भारताची स्थिती दोन्हींहून वेगळी आहे. कायम खाणकामगाराला निवृत्तिवेतन आहे. कंत्राटी मजूर, कोळसा वाहणारे ट्रकचालक, खाणीबाहेरचे हॉटेलवाले आणि सायकलवरून कोळसा विकणारे यांची मात्र कोणत्याच यादीत नोंद नाही. शिवाय कोळशाच्या मालवाहतुकीतून रेल्वेला मिळणाऱ्या उत्पन्नातून प्रवासी भाडे स्वस्त ठेवले जाते. कोळसा कमी झाला तर तिकीट महागेल की सरकारी अनुदान वाढेल, हा प्रश्न खाणीपासून शेकडो किलोमीटर दूर राहणाऱ्या प्रवाशालाही लागू होतो.

जिल्हा पातळीवरील आकडेवारी कुठे मिळते आणि तिच्यावर कितपत विसंबावे?

वीजनिर्मिती आणि प्रत्येक केंद्राच्या उत्सर्जनासाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची प्रकाशने, कारखान्यांच्या इंधनखर्चासाठी वार्षिक उद्योग पाहणी, राज्यांच्या उत्पन्नासाठी रिझर्व्ह बँकेची राज्यविषयक सांख्यिकी पुस्तिका आणि महाराष्ट्रासाठी दरवर्षी अर्थसंकल्पापूर्वी सादर होणारी आर्थिक पाहणी हे मुख्य आधार आहेत. केंद्रनिहाय उत्सर्जनाची आकडेवारी चांगली आहे, कारण जाळलेला कोळसा मोजला जातो.

जिल्हा उत्पन्नाचे तसे नाही. अनेक क्षेत्रांत राज्याचे उत्पन्न काढून ते रोजगारासारख्या निर्देशकांच्या प्रमाणात जिल्ह्यांत वाटले जाते. अशा आकड्यांवर विजेच्या वापराचा परिणाम शोधताना आपण अर्थव्यवस्था पाहत आहोत की वाटपाचे सूत्र, हे तपासावे लागते. यावर तोडगा म्हणून उपग्रहांनी टिपलेल्या रात्रीच्या उजेडाचा वापर वाढला आहे. १९९२ ते २०१३ ही जुनी मालिका आणि २०१२ पासूनची अधिक स्पष्ट मालिका थेट जोडता येत नाहीत, कारण दोन्हींची यंत्रे वेगळी आहेत. शिवाय आपल्या विषयात या साधनाची एक खास अडचण आहे. उजेड म्हणजेच विजेचा वापर. तोच आकडा उत्पन्न म्हणून समीकरणाच्या एका बाजूला आणि वीज दुसऱ्या बाजूला ठेवली, तर दोन्हींचा घट्ट संबंध निघणारच. खाणी आणि वीजकेंद्रांच्या परिसरातील दिवे रात्रभर जळतात, त्यामुळे चंद्रपूर, कोराडी, सिंगरौली किंवा कोरबा यांसारख्या ठिकाणी उजेड आणि स्थानिक लोकांचे उत्पन्न यांचा मेळ एरवीपेक्षाही कमी बसतो. ही ठिकाणे वगळून आणि धरून, अशी दोन्ही गणिते करून दाखवलेला निबंधच विश्वासाने वाचावा.